कोपऱ्यातला घोडा : ड्रेस्डेन, १९२६

साहित्याच्या अभ्यासकाला बुद्धिबळाच्या एका जुन्या डावाशी काय कर्तव्य, असा प्रश्न आमच्या वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आरंभी त्याचे उत्तर आम्ही एवढेच देऊ, की डाव खेळला जात असतो तोवर ती एक घटना असते. पण तो नोंदवला जातो, छापला जातो, त्याच्यावर टीका लिहिली जाते, आणि मग मागे उरते ती एक संहिता. संहिता म्हटली की तिचे पहिले वाचन कोणी केले आणि पुढच्या पिढ्यांनी ते किती निमूटपणे स्वीकारले, हे प्रश्न आलेच. ज्या डावाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, त्याचे पहिले मोठे वाचन जिंकणाऱ्याने स्वतःच केले. हरणाऱ्याने त्याविषयी काही लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात नाही.

एप्रिल १९२६मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे दहा खेळाडूंची एक स्पर्धा झाली. पुढच्याच वर्षी जगज्जेता होणारा अलेखिन तीत होता. तरीही स्पर्धा जिंकली ती आरोन निमझोविचने, आणि तीही नऊपैकी साडेआठ गुण मिळवून. म्हणजे आठ विजय आणि एक बरोबरी. अलेखिनला सात गुण मिळाले आणि तिसऱ्या स्थानावर आकिबा रुबिनस्टाइन राहिला, साडेसहा गुणांवर. निमझोविचच्या या आठ विजयांपैकी एक रुबिनस्टाइनवरचा होता. बुद्धिबळाच्या इतिहासात तो त्यातल्या अठराव्या खेळीसाठी ओळखला जातो. त्या खेळीत पांढऱ्याने आपला घोडा, हल्ला चालू असताना, मागे नेऊन पटाच्या कोपऱ्यात ठेवला.

त्या खेळीकडे वळण्याआधी डावाचा प्रारंभ पाहिला पाहिजे, कारण खरी गोष्ट तेथूनच सुरू होते. पांढऱ्याने वजिराच्या बाजूचे, उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे सारले. या प्रारंभाला 'इंग्लिश' म्हणतात. स्टाँटन या इंग्रज खेळाडूने १८४३मध्ये फ्रान्सच्या सँ-तामाँविरुद्ध तो वापरला, त्यावरून हे नाव पडले. पटाच्या मध्यावर थेट प्यादी न आणता कडेने मध्याकडे डोळा ठेवायचा, अशी त्यामागची वृत्ती. रुबिनस्टाइनने त्याला नेमके तेच उत्तर दिले, म्हणजे आपलेही तेच प्यादे दोन घरे पुढे ढकलले. दुसऱ्या खेळीत दोघांनी राजाच्या बाजूचे घोडे बाहेर काढले. येथवर पट म्हणजे जणू आरसाच. या रचनेला 'सममित इंग्लिश' असे नाव आहे.

सममिती ही बुद्धिबळात मोठी फसवी गोष्ट आहे. नवशिक्याला वाटते, प्रतिस्पर्धी जे करतो तेच आपण करीत राहिलो तर हरण्याचे कारणच काय? कारण साधे आहे. एकाची पाळी नेहमी आधी येते. पांढऱ्याने शह दिला की काळ्याला त्याची नक्कल करता येत नाही, आधी आपला राजा सांभाळावा लागतो. म्हणून काळ्याने आरसा कधी ना कधी स्वतःच्या हाताने फोडावा लागतो, आणि तो कोणत्या क्षणी फोडायचा याला कौशल्य लागते. या विषयात रुबिनस्टाइनइतका अधिकारी पुरुष त्या काळात दुसरा क्वचितच असेल. सममित इंग्लिशमध्ये मध्यातले प्यादे पुढे टाकून आरसा मोडायचा, अदलाबदलीनंतर मध्यावर आलेला घोडा पांढऱ्या उंटाच्या माऱ्यातून काढून वजिराच्या बाजूला मागे घ्यायचा, आणि मग राजाचे प्यादे दोन घरे ढकलून मध्य आपल्या ताब्यात आणायचा, ही रचना आजही पुस्तकांत रुबिनस्टाइनच्या नावाने छापली जाते.

ड्रेस्डेनलाही त्याने तिसऱ्या खेळीत वजिराचे प्यादे दोन घरे टाकून आरसा मोडला. प्याद्यांची अदलाबदल झाली, त्याचा घोडा मध्यावर आला. तेव्हा निमझोविचने पाचव्या खेळीत राजाचे प्यादे दोन घरे पुढे ढकलून त्या घोड्याला हुसकावले. ही खेळी त्या काळच्या सुसंस्कृत खेळाडूला ओबडधोबड वाटावी अशी होती. तिच्यामुळे डी४ हे घर कायमचे उघडे पडते. तेथे काळ्याची मोहरी येऊन बसली तर तिला हुसकावायला पांढऱ्यापाशी प्यादे उरत नाही. (वाचकांनी उभ्या पट्ट्यांना डावीकडून उजवीकडे ए ते एच आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे समजून घ्यावे; पुढच्या मजकुराला एवढे पुरे.) शास्त्र पढलेला कोणीही म्हणेल की हे भोक आहे. रुबिनस्टाइनने त्यात यथाशास्त्र घोडा बसवला. निमझोविचने तो आपल्या घोड्याने मारला, आणि काळ्याला तेथे प्याद्याने परत मारावे लागले. आता त्या भोकात काळ्याचे स्वतःचेच प्यादे जाऊन बसले. घोड्याला जे आसन मिळायला हवे होते ते प्याद्याने अडवले, आणि डी३वरचे पांढऱ्याचे प्यादे, जे उघड्या पट्टीवर दुबळे ठरले असते, ते त्याच अडसरामागे सुरक्षित झाले.

पुढच्या खेळ्या आम्ही भराभर सांगतो. दोघांनी किल्लेकोट केला. पांढऱ्याचा उंट सी४वरून तिरका काळ्या राजाच्या बाजूकडे रोखलेला होता, वजीर एफ३वर, एफ पट्टीतले प्यादे दोन घरे पुढे गेलेले, आणि घोडा जी३वर. हल्ल्याचा नकाशा स्पष्ट दिसत होता : एफ प्यादे आणखी एक घर पुढे घालायचे आणि राजावर चालून जायचे. रुबिनस्टाइनने चौदाव्या खेळीत आपले एफ प्यादे दोन घरे टाकून ती वाटच बंद केली. त्याची किंमत लगेच लागली नाही. सतराव्या खेळीत एफ५वर प्याद्यांची अदलाबदल झाली, ई पट्टी मोकळी झाली आणि सी४वरच्या उंटाचा कर्ण थेट काळ्याच्या किल्लेकोटापर्यंत खुला झाला.

आता पांढऱ्याच्या घोड्याचा विचार करू. तो जी३वर उभा आहे. पुढचे ई४ हे घर काळ्याच्या एफ५वरच्या प्याद्याच्या माऱ्यात आहे. ई२वर स्वतःचाच हत्ती बसला आहे. एच५ला गेला तर एका प्याद्याच्या धक्क्याने परत फिरावे लागेल. त्याला जायचे आहे जी५ला, काळ्या राजाच्या दाराशी. निमझोविचने त्याला एच१वर नेले, अगदी स्वतःच्या राजामागच्या कोपऱ्यात.

आपल्याकडे घोडा अडीच घरे चालतो असे म्हणतात. पटाच्या मध्यावर उभ्या असलेल्या घोड्याला अशी आठ घरे मोकळी असतात, कोपऱ्यातल्याला अवघी दोन. त्यांतल्या एका घरातून तर तो नुकताच आला होता. म्हणजे पुढे जायला नेमके एक घर उरले. जर्मन बुद्धिबळात डॉ. टाराश यांच्या नावाशी जोडलेले एक यमकबद्ध वचनच आहे, ज्याचा आशय असा की काठावरचा घोडा मालकाला लाज आणतो. येथे तर घोडा काठावरही नव्हता, कोपऱ्यात होता. टाराश आणि निमझोविच यांचे वैर जुने. १९१३मध्ये निमझोविचने टाराशच्या ग्रंथावर जाहीर टीका लिहिली होती. एच१वरचा घोडा त्या वादातलेच एक उत्तर आहे असे कोणी म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही.

तेथून तो एफ२वर आला, मग एच३वर. जी३वरून निघून जी५वर पोहोचण्यासाठी एच१, एफ२, एच३ असा वळसा. बुद्धिबळाच्या पुस्तकांत हीच सहल अमर झाली आहे, आणि पुष्कळ ठिकाणी अठराव्या खेळीपुढे दोन उद्गारचिन्हे छापलेली सापडतात.

आमचे मत मात्र थोडे वेगळे आहे. घोड्याची सहल नयनरम्य आहे यात शंका नाही, परंतु डावाचा मर्मबिंदू पंचविसाव्या खेळीत आहे असे आम्हांस वाटते. त्या सुमारास पांढऱ्याचा वजीर एच४वर, काळ्या राजाच्या अगदी समोर पोहोचला होता. तेथून निमझोविचने त्याला मागे एफ२वर आणले. वाचकाला प्रथम वाटते, हल्ला फसला. पण एफ२वरून वजीर त्या डी४वरच्या प्याद्यावर डोळा धरतो. त्याच प्याद्यावर, जे आपल्या भोकात येऊन बसले होते! ते वाचवण्यासाठी काळ्याने डी६वरचा उंट सी५वर आणला, पांढऱ्याने बी प्यादे दोन घरे टाकून त्याला आणखी मागे बी६वर पिटाळले, आणि मग वजीर पुन्हा एच४वर गेला. वरवर पाहता पांढऱ्याच्या बाजूला काहीच बदलले नाही. बदलला तो काळ्याचा उंट. डी६वर असताना तो ई५ आणि ई७ ही दोन्ही घरे राखत होता. बी६वरून त्याला त्यांतले एकही दिसत नाही. पुढच्याच खेळीत पांढऱ्याचा हत्ती ई५वर जाऊन बसला. नंतर बत्तिसाव्या खेळीत निमझोविचने वजीर पुन्हा एकदा मागे घेतला, या वेळी थेट ई१वर, आणि तेथून सरळ ई७वर घुसून शह दिला. मग बी प्यादे एक घर पुढे सरकले, काळ्याचा उंट अडकला, आणि दोनएक खेळ्यांत सारे संपले.

घोडा एच१वर, वजीर एफ२वर, वजीर ई१वर. या डावातील तिन्ही निर्णायक खेळ्या मागे जाणाऱ्या आहेत. त्यांतली पहिली प्रसिद्ध झाली, कारण तिचे चित्र डोळ्यांपुढे चटकन उभे राहते. दुसरीचे चित्र काढता येत नाही. ती समजून घ्यायला उंट कोणती घरे सोडून गेला हे मोजावे लागते. वाङ्मयाच्या इतिहासातही कवितेतली एखादी ओळ उद्धृत होत राहते आणि तिला पेलणारी आधीची चार कडवी विसरली जातात, तसेच हे. असो.

येथवर आम्ही जे सांगितले त्याचा बराचसा भाग कोणाही जाणकाराला ठाऊक असतो. पण तो ठाऊक कसा झाला, याकडे फारसे लक्ष जात नाही. निमझोविच खेळाडू होता तितकाच लेखक होता. त्याचे 'माझी पद्धती' हे पुस्तक १९२५ ते १९२७ या काळात भागाभागांनी निघाले. ड्रेस्डेनची स्पर्धा झाली तेव्हा ते अर्धवट छापलेले होते. नंतर, त्या दशकाच्या अखेरीस, स्वतःच्या डावांवर सविस्तर भाष्य करणारे दुसरे पुस्तक आले. त्याच्या लेखनात प्यादी ही माणसे होतात. मोकळे प्यादे हा तुरुंगात डांबून ठेवण्याजोगा गुन्हेगार असतो, मध्याचा कब्जा ही नीतिमत्तेची बाब असते, नाकेबंदी आणि पूर्वदक्षता हे जवळजवळ धर्माचार होतात. तो विनोद करतो, भांडतो, स्वतःची पाठ थोपटतो, आणि मध्येच असे काही अचूक लिहून जातो की वाचक थबकतो. त्या काळच्या नव्या संप्रदायाला 'हायपरमॉडर्न' हे नाव टार्टाकोव्हरने दिले. पण त्या संप्रदायाचा शब्दकोश बव्हंशी निमझोविचचा आहे.

आपल्या परंपरेत सूत्र आणि भाष्य असा भेद आहे. पाणिनीची सूत्रे पतंजलीच्या भाष्याशिवाय वाचू म्हटले तर बहुतेकांची गाडी पहिल्याच पानावर अडेल. डावाची नोंद हेही सूत्रच आहे : ३६ खेळ्या, प्रत्येकी चारदोन अक्षरे. निमझोविचने स्वतःच्या सूत्रांवर स्वतःच भाष्य रचले, आणि ते इतके प्रभावी ठरले, की पुढच्या वाचकांना डावापेक्षा भाष्यच आधी दिसू लागले.

रुबिनस्टाइनच्या बाबतीत नेमके उलटे झाले. त्याचा जन्म पोलंडच्या, त्या काळी रशियन साम्राज्यात असलेल्या भागात, स्ताविस्की नावाच्या छोट्या गावात झाला. साल १८८० की १८८२, याविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही. घरच्यांची इच्छा त्याने धर्मपंडित व्हावे अशी होती आणि शिक्षणही तसेच चालले होते. तालमूदच्या छापील पानावर मूळ वचन मध्यभागी असते आणि त्याच्या चारी बाजूंनी भाष्यांची दाटी असते. अशा पानांवर वाढलेल्या या माणसाने पुढे आयुष्यभर केवळ मधला मजकूर लिहिला, कडेची जागा कोरीच ठेवली. त्याच्या शंभर डावांचे भाष्यासह पुस्तक १९३३मध्ये निघाले ते हान्स क्मोखने लिहिलेले. तोवर रुबिनस्टाइन खेळातून निवृत्त झाला होता.

या दोघांचा एक जुना हिशेबही होता. १९१२मध्ये सान सेबास्तियनच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत रुबिनस्टाइनने निमझोविचला हरवले आणि अर्ध्या गुणाने पहिले स्थान पटकावले. त्या एका वर्षात त्याने पाच मोठ्या स्पर्धांत पहिले स्थान मिळवले, त्यांतले एक विभागून. लास्करशी जगज्जेतेपदाची लढत १९१४मध्ये ठरत आली होती. महायुद्धाने ती गिळली. युद्धानंतर कापाब्लांकाशी खेळायचे तर १९२२च्या लंडन नियमांनुसार दहा हजार डॉलरांची रक्कम उभी करणे आले, आणि ती ना रुबिनस्टाइनला उभी करता आली ना निमझोविचला. आरंभीची सममिती येथेही आहेच. दोघेही रशियन साम्राज्यातील ज्यू, दोघेही युद्धानंतर देशांतर केलेले, दोघेही मुकुटाच्या अगदी जवळ जाऊन परतलेले. निमझोविच रीगाहून निघून कोपनहेगनला स्थायिक झाला आणि १९३५मध्ये तेथेच वारला. पण तोवर त्याने आपले म्हणणे छापून ठेवले होते.

रुबिनस्टाइन ड्रेस्डेननंतर संपला असे समजू नये. १९३०मध्ये हॅम्बुर्गच्या ऑलिंपियाडमध्ये त्याने पोलंडच्या पहिल्या पटावर १७ डावांत १५ गुण मिळवले, एकही डाव न हरता, आणि पोलंडला सुवर्णपदक मिळाले. पण त्याच्या मनाचा आजार वाढत होता. लोकांची भीती वाटे. खेळी केली की तो पटापासून उठून दालनाच्या एखाद्या कोपऱ्यात जाऊन उभा राही, आपल्या पाळीची वाट पाहत, अशी आठवण सांगितली जाते. १९३२नंतर त्याने स्पर्धा खेळणे सोडले. बेल्जियममध्ये, जर्मन ताब्याच्या वर्षांतून तो वाचला, आणि १९६१मध्ये अँटवर्पला वारला. या जवळजवळ तीस वर्षांत त्याच्याकडून लेखन आले नाही.

म्हणून आम्ही पुन्हा त्या चौदाव्या खेळीकडे जाऊ इच्छितो. रुबिनस्टाइनने एफ प्यादे दोन घरे टाकले, ही चूक होती असे टीकाकार म्हणतात, आणि निकाल माहीत असताना तसे म्हणणे सोपेही आहे. परंतु त्या क्षणी पटावर काय दिसत होते? पांढऱ्याचे प्यादे पुढे घुसू पाहत होते, मागे वजीर, हत्ती, घोडा सज्ज होते. काळ्याने दार लावून घेतले. हे दार लावण्याची किंमत ई पट्टी आणि एक कर्ण आहे, हे त्याला दिसले नसेल असे मानणे कठीण आहे. असल्या किमती अचूक मोजण्यासाठीच तो ओळखला जात होता. त्याने बहुधा असे धरले असावे, की दार लावल्यावर जी३वरचा घोडा निकामी होतो, आणि घोडा निकामी झाला की उरलेला हल्ला पुरा पडत नाही. हा हिशेब बरोबरच होता. तो चुकला केवळ एका घराने, एच१ने. आमचे हे वाचनही अनुमानच आहे, हे उघड आहे. रुबिनस्टाइनचे स्वतःचे भाष्य असते तर त्याने कदाचित आम्हांलाही खोटे पाडले असते.

अठराव्या खेळीला, घोडा कोपऱ्यात गेल्यावर, रुबिनस्टाइनने उंट डी७वर आणला. साधी, विकासाची, हत्तीला वाट करून देणारी खेळी. ज्या पुस्तकांत आम्ही हा डाव पाहिला त्यांत पांढऱ्याच्या अठराव्या खेळीवर परिच्छेद आहेत. काळ्याच्या अठराव्या खेळीपुढे काहीही छापलेले नाही, प्रश्नचिन्हसुद्धा नाही.